पोथीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करा

लातूरला क्लासेसच्या गल्लीत रात्री दहानंतर चहाच्या गाड्यावर पोरांची गर्दी होते. दिवसभर फिजिक्स-केमिस्ट्री घोकून डोकं भणाणलेलं असतं. नीटची धास्ती असते. बापाने सोयाबीन विकून नाहीतर ऊसतोडीची उचल घेऊन फी भरलेली असते. अशीच दोन पोरं परवा भांडत होती. एकाच खोलीत राहणारी, एकाच डब्यात जेवणारी. एक गावातला, एक गावकुसाबाहेरचा. भांडण पुष्पक विमानावरून.

"विमान होतंच. कामून की पोथीत वर्णन हाय. पोथी काय खोटं बोलायलीय का?"

"समद्या थापा हायत बे. राम बी नाई, रावण बी नाई, इमान बी नाई. इषय कट."

पहिला चिडला, दुसरा हसला. चहा गार झाला. मी बाजूलाच उभा. दुसऱ्याने मला ओळखलं आणि पंच केलं. "दादा, तुमीच सांगा."

मी म्हणालो, "गड्यांनो, तुम्ही दोघंही हरलात." दोघंही माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ झाली आणि पोरं पळाली. राहिलेलं बोलणं इथं लिहितोय. पहिल्यासाठी थोडं, दुसऱ्यासाठी जास्त. कारण दुसरा आपला आहे, आणि आपल्या माणसाला जास्त सुनवायचं असतं.

आधी पहिल्याचा हिशेब. आकडे पोथीचेच घेऊ, पदरचा एकही नको. पुराणं सांगतात, राम त्रेतायुगाच्या शेवटी झाला. त्यानंतर अख्खं द्वापरयुग गेलं, ८,६४,००० वर्षांचं. मग कलियुग लागलं. पंचांगवाल्यांच्या गणिताने इ. स. पू. ३१०२ ला. त्याची पाच हजारांवर वर्षं उलटली. बेरीज कर. आठ लाख एकोणसत्तर हजार वर्षं होतात. आता तुझं बायॉलॉजी काढ. तुझ्या-माझ्यासारखा माणूस या पृथ्वीवर येऊन साधारण तीन लाख वर्षं झाली. शेती तर गेल्या बारा हजार वर्षांतली. आणि पोथीत जनक राजा नांगर धरतो, फाळाच्या तासात त्याला सीता सापडते. साडेआठ लाख वर्षांपूर्वी नांगर? जेव्हा नांगरणारा माणूसच नव्हता तेव्हा? पेपरात असं उत्तर लिहिलंस तर निगेटिव्ह मार्किंग होईल, लेका.

यावर उतारा काढणारे आहेतच. संगणकावर ग्रह-तारे मागे फिरवून ते सांगतात की रामजन्म सात हजार वर्षांपूर्वीचा, ही घ्या तारीख. मग ते युगांचे लाखांचे आकडे खोटे ठरले की नाही? युग खरं धरावं तर माणूस बुडतो. माणूस वाचवावा तर युग बुडतं. एकाच पोथीतल्या दोन गोष्टी एकमेकींचा गळा धरतात, आणि वाचणारा म्हणतो दोन्ही अक्षरशः खऱ्या.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया काही आपल्या चळवळीतले नव्हते. आयुष्यभर त्यांनी माती उकरली. १९७३ साली त्यांनी रामायण मिथक की वास्तव ह्याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, मूळ गोष्ट लहान असावी, ती थराथराने वाढली, आणि लंका समुद्रापलीकडे नसून मध्य भारतातच कुठंतरी असावी. म्हणजे एखाद्या छोट्या राजाचं छोटं भांडण असूही शकेल. त्याला कोण नाही म्हणतो? पण पोथीवाल्याला छोटा राजा नको असतो. त्याला समुद्रावर तरंगणारे दगड पाहिजेत.

खरं घडलेलं आणि सांगितलेलं यातला फरक पाहायला लांब जायला नको. नांदेडला जा. १७०८ साली गुरू गोविंदसिंग बहादूरशहाच्या छावणीबरोबर गोदावरीकाठी आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथंच वारले. त्यांच्यामागे राहिलेल्या मालमत्तेचा विषय मोगल दरबाराच्या अखबारांत नोंदलेला आहे. म्हणजे ज्यांचं गुरूंशी वैर होतं त्या दरबाराचाही कागद आहे. साल आहे, जागा आहे, परक्याची साक्ष आहे. इतिहास असा असतो. भक्ताने पुढे त्यावर काय काय चढवलं तो भाग वेगळा. पण खाली जमीन लागते. पोथीच्या खाली पाय टाकला की पाय नुसता खाली खाली जातो.

आणि जमिनीचं म्हणशील तर लातूरकराने तरी पोथीवर विसंबू नये. पोथी सांगते, ही पृथ्वी शेषाच्या फण्यावर तोललेली आहे. शेषाचंच दुसरं नाव अनंत. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं दमून झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं मातीला मिळाली. हजारो माणसं गेली. ती शेषाने फणा हलवला म्हणून गेली नाहीत. जमिनीखालच्या खडकात साठलेला ताण सुटला, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वरची मातीची जड माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. हलक्या छपराच्या कुडाच्या झोपड्यांनी त्या मानाने फारशी माणसं मारली नाहीत. हे ज्याने अभ्यासलं त्याने पुढची घरं कशी बांधावीत ते सांगितलं. शेषाच्या गोष्टीने एक वीट तरी नीट लावायला शिकवलं का? खऱ्या-खोट्याचा वाद काही नुसता चहाच्या गाड्यावरचा नाही. त्यावर माणूस जगतो आणि मरतो.

पण गाड्यावरच्या पोराला तरी किती बोलायचं? ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईत एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात देशाच्या पंतप्रधानांनीच गणपतीच्या डोक्यात प्लॅस्टिक सर्जरी आणि कर्णाच्या जन्मात जनुकशास्त्र दाखवून दिलं. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, वैदिक संमेलनाला आलेला केंद्रातला राज्यमंत्री म्हणाला की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. हा मंत्री शिक्षणाच्या खात्याचा! राजा सोंडेत सर्जरी बघतो, प्रधान माकडाला साक्षीदार मागतो, आणि दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचं प्रकरण गळतं. मग पोरगं पुष्पक विमानावर शपथ घेतं यात नवल ते काय?

पहिल्याचं झालं. आता दुसऱ्याकडे वळतो. आपल्या पोराकडे.

तू म्हणालास, समद्या थापा, विषय कट. लेका, विषय इथंच तर सुरू होतो. तुम्ही दोघं तासभर विमानावर भांडलात. विमान होतं का नव्हतं. पण त्या विमानात बसून राम कुठं गेला, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

उत्तरकांड काढ. एका ब्राह्मणाचं पोर अकाली मरतं. तो प्रेत घेऊन राजाच्या दारात येतो. नारद निदान करतो की राज्यात कुणी शूद्र तप करतोय, त्याचं हे पाप. राम पुष्पक विमान बोलावतो. त्यात बसून दिशा धुंडाळतो. दक्षिणेला एक माणूस तप करताना दिसतो. राम त्याला आधी विचारतो, तुझी जात कोणती? माणूस खरं सांगतो, शूद्र, नाव शंबूक. त्याचं बोलणं पुरं होतं न होतं तोच तलवार बाहेर येते. देव फुलं उधळतात. तिकडे पोर जिवंत होतं.

विमान त्यासाठी होतं, गड्या. शूद्र हुडकायला. तू विमान नव्हतं म्हणून हसून मोकळा झालास, पण शंबूकाला तसाच पडू दिलास.

इथं पोथीवाला आणखी एक खुट्टी मारतो. तो म्हणतो, "अहो, उत्तरकांड मूळचं नाहीच. नंतर घुसडलेलं आहे. प्रक्षिप्त आहे. आमच्या रामाने असं केलंच नाही." बरं. मान्य. पुष्कळ पंडितही उत्तरकांड नंतरचंच मानतात. पण मग पहिली गोष्ट ही की पोथी अक्षरशः खरी हा तुमचा दावा तुम्हीच मोडलात. ज्या पोथीत कुणीही काहीही घुसडू शकतो, तिच्या कुठल्या पानावर हात ठेवून शपथ घ्यायची? आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याने घुसडलं त्याला हे घुसडावंसं का वाटलं? ज्या काळात शूद्र तप करीत नव्हता, अक्षराच्या वाटेला जात नव्हता, त्या काळात असली गोष्ट रचायची गरजच नव्हती. कुणीतरी शूद्र ती पायरी चढत असणार. कुणाच्या तरी पोटात भीतीचा गोळा उठला असणार. तेव्हा ही गोष्ट रचली गेली, की बघा, चढलात तर रामसुद्धा मुंडकं उडवतो. आणि ती इतकी रुचली, की कालिदासाने रघुवंशात घेतली, भवभूतीने उत्तररामचरितात घेतली. शेकडो वर्षं कुणाला ती प्रक्षिप्त म्हणून काढून टाकावीशी वाटली नाही. आम्ही प्रश्न विचारायला लागल्यावर ती प्रक्षिप्त झाली!

म्हणून म्हणतो, शंबूक झाला की नाही हे मला माहीत नाही. पण शंबूकाची गोष्ट लिहिणारा झाला, हे पक्कं. गोष्ट पुराण असेल. ती लिहिणं हा इतिहास आहे.

ही नजर आपल्याला कुणी दिली? आधी जोतिबांनी. मराठवाड्याच्या माणसाला परशुराम नवा नाही. नांदेड जिल्ह्यात माहूरगडावर रेणुकेचं ठाणं आहे, आणि रेणुकेच्या कथेत परशुराम आहे. बापाने हुकूम केला म्हणून आईचं शिर उडवणारा, आणि एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारा. आपल्या आज्या-पणज्या त्या गडाच्या पायऱ्या चढल्या. त्यांना हसायचं माझं काम नाही. त्या आईसाठी चढत होत्या, आईला मारणाऱ्यासाठी नाही. पण त्यांना कुणी कधी विचारू दिलं नाही, की पहिल्या वेळी सगळे क्षत्रिय संपले तर दुसऱ्या वेळी मारायला आणले कुठून? आणि उरलेल्या एकोणीस वेळी?

जोतिबांनी त्याच्या पुढची मजल मारली. पोथी म्हणते परशुराम चिरंजीव आहे. ठीक. जिवंत माणसाला नोटीस बजावता येते. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी परशुरामाच्या नावे जाहीर पत्रच छापलं, की सहा महिन्यांच्या आत हजर हो. नाही आलास तर तुझ्या नावाने चाललेल्या पोथ्या खोट्या ठरतील. दीडशे वर्षं झाली, परशुराम अजून तारखेला आला नाही.

पण जोतिबा नुसती टर उडवून थांबले नाहीत हे ध्यानात घ्या. मत्स्य, वराह, नरसिंह, वामन, परशुराम ह्या एकेका अवताराला धरून त्यांनी विचारलं, ह्या गोष्टीत कुणी कुणाला लुटलं? वामनाने बळीच्या डोक्यावर पाय ठेवला, ही पोथीची फुशारकी. जोतिबांनी तिच्यातून आमचा बळी बाहेर काढला. शत्रूच्या बखरीतून आपल्या मेलेल्यांची नावं वेचावीत, तसं.

आणि मग बाबासाहेब. ते बॅरिस्टर होते हे आपण कोट-टायच्या फोटोत बघतो, पण त्यांच्या पुस्तकात बघत नाही. बॅरिस्टर खोट्या साक्षीदाराला हाकलून देत नाही. पिंजऱ्यात उभा करतो. बोलू देतो. मग उलटतपासणी घेतो. तू म्हणतोस हे कुणाच्या सांगण्यावरून? आधी वेगळं सांगितलं होतंस, आता वेगळं का? तुझ्या ह्या साक्षीने फायदा कुणाचा? साक्षीदार खोटं बोलतो, पण त्याच्या खोट्यातूनच खटला उभा राहतो. १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज' मध्ये त्यांनी हेच केलं. पुरुषसूक्त म्हणतं शूद्र पायातून जन्मला. बाबासाहेबांनी नुसतं "पायातून माणूस जन्मत नाही" म्हणून पुस्तक मिटलं नाही. सृष्टीच्या उत्पत्तीबद्दल वेदांत इतरत्र काय काय म्हटलंय ते समोर ठेवलं, आणि हे एक सूक्त असं वेगळं का बोलतं ते विचारलं. महाभारताच्या शांतिपर्वातल्या एका उल्लेखावरून त्यांनी शूद्र राजाचा माग काढला. ज्या पोथीने आम्हाला पायाशी बसवलं, तिच्याच तोंडून त्यांनी वदवलं की तुम्ही मुळात तिथले नव्हता.

आता सरकारचं ऐका. बाबासाहेबांच्या हयातीत छापली न गेलेली 'रिडल्स इन हिंदुइझम'ची हस्तलिखितं १९८७ साली महाराष्ट्र शासनाने चौथ्या खंडात छापली. वसंत मून यांनी संपादन केलं होतं. त्यात एक परिशिष्ट होतं, राम आणि कृष्ण यांचं कोडं. आणि त्याच वर्षी, २५ जानेवारी १९८७ पासून, दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण मालिका चालू झालेली. रस्ते ओस पडत, माणसं टीव्हीला हार घालत. एकीकडे सरकारी पडद्यावर रामायण खरं घडत होतं, दुसरीकडे सरकारी छापखान्यातून बाबासाहेब विचारत होते, वालीला झाडाआडून का मारलं, सीतेला का टाकलं, शंबूकाला का कापलं? शिवसेना आणि मराठा महासंघ रस्त्यावर उतरले. मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. सरकारने परिशिष्ट गाळायचं ठरवलं.

मग आपली माणसं उठली. एकमेकांचं तोंड न बघणारे गट एका झेंड्याखाली आले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत लाखोंचा निळा मोर्चा निघाला. मराठवाड्यातून माणसं भाकरी बांधून गेली. सरकार वाकलं. परिशिष्ट राहिलं, पण खाली टीप आली की या मतांशी शासन सहमत नाही. आणि मोर्चा गेल्यावर हुतात्मा चौक धुऊन 'शुद्ध' केला गेला.

बघा आता. राम झाला की नाही याचा पुरावा कुणापाशी नव्हता. पण आमचे पाय लागले म्हणून विसाव्या शतकात, मुंबईत, भर चौक धुतला गेला, याला शेकडो साक्षीदार होते. शंबूक पुराणात असेल. चौक मुंबईत होता.

ती टीपही नीट वाचा. सरकार असं म्हणालं नाही की बाबासाहेबांचे प्रश्न चुकीचे आहेत, ही घ्या उत्तरं. सरकार म्हणालं, आमची सहमती नाही. २००७ साली तेच दिल्लीत झालं. सेतुसमुद्रमच्या खटल्यात पुरातत्त्व खात्याने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की रामायणातली पात्रं होऊन गेल्याचा ऐतिहासिक पुरावा म्हणून पोथीकडे बघता येत नाही. गदारोळ झाला आणि केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र मागे घेतलं. प्रतिज्ञापत्र मागे घेता येतं. पुरावा पुढे आणता येत नाही. १९८८ ला एक सरकार, २००७ ला दुसरं, दोन्ही काँग्रेसचीच. म्हणून फक्त भगव्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका.

इथपर्यंत वाचून आपला पोरगा खूश झाला असेल. थांब. आता तुझी पाळी.

पोथीला लावलेली फुटपट्टी घरी आणायची हिंमत आहे का? सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षी म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडलं, ही गोष्ट बौद्ध परंपरेतली, आपल्या विहारांच्या भिंतींवर रंगवलेली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली त्यांच्या निर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सरळ विचारलं की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटतं का? आणि त्याजागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण ठेवलं. सिद्धार्थ युद्धाला नाही म्हणाला, म्हणून त्याला घर सोडावं लागलं. पाण्याचं भांडण काय असतं हे लातूरकराला शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, आणि पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. चार दृश्यांपेक्षा हे कारण आपल्या जगण्याला जास्त लागून आहे. पण ते आपल्याला आवडतं म्हणून खरं ठरत नाही. तेही तपासायचं.

आणखी पुढे जातो. काहींना झोंबेल. जोतिबांची मांडणी आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्यांना जिंकलं, ह्यावर उभी होती. बाबासाहेबांनी 'हू वेअर द शूद्राज' जोतिबांनाच अर्पण केलं, आणि त्याच पुस्तकात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत खोडून काढला. गुरूच्या पायाशी पुस्तक ठेवलं आणि आत गुरूचं मत नाकारलं. २०१९ साली प्राचीन हाडांतल्या डीएनएचे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसतं की इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडून माणसं इथं आली आणि मिसळली. म्हणजे हा विषय पुन्हा उघडला. जोतिबांचं किती उरतं, बाबासाहेबांचं किती उरतं, हे नव्या पुराव्यावर बघावं लागेल. हे म्हणताना बाबासाहेबांच्या लेकराची जीभ अडखळता कामा नये. अडखळली, तर आपणही पोथीच बांधली. फक्त फडकं निळं.

आजकाल जयंतीच्या बॅनरवर, मोबाईलवरच्या पोस्टांत बाबासाहेबांचे काय काय चमत्कार फिरतात! साल नाही, कागद नाही, नुसता थाट. आपणच आपल्या खऱ्या माणसाला खोट्या गोष्टींत गाडतोय. ज्याच्या आयुष्याचा कागद न् कागद आहे, महाडच्या तळ्याची तारीख आहे, दीक्षाभूमीची तारीख आहे, त्याला पुराणाची गरज काय? दुसऱ्याचा शेष खोटा आणि आपला चमत्कार खरा, असा व्यवहार बाबासाहेबांच्या दुकानात चालत नाही.

मग हे सगळं कशासाठी? विमान होतं की नव्हतं यावर रात्र घालवण्यापेक्षा अभ्यास का नको करायला? कारण नांदेड जिल्ह्यातली दोन नावं सांगतो. टेंभुर्णी. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा अमानुष खून झाला. दुसरं नाव बोंढार हवेली. जून २०२३ मध्ये तिथं आपल्यातल्या एका तरुण पोराचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केली ह्या रागातून, अशी फिर्याद होती. विद्यापीठाचं नाव काय, मिरवणुकीचा रस्ता काय, दोन्ही म्हणजे शूद्राने पायरी चढणं. मारणाऱ्यांतल्या कुणी उत्तरकांड वाचलं असेल असं मला वाटत नाही. वाचायची गरजच पडत नाही. गोष्ट इतकी वर्षं कानावर पडली, की ती आता हातात उतरली आहे.

म्हणून गोष्ट खरी आहे का, हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. पण तिथं थांबायचं नाही. गोष्ट घडली का? नसेल घडली तर कुणी रचली? केव्हा? कोण वर चढत होतं म्हणून रचली? आणि आज ती कुणाच्या हातात आहे? एवढे पाच प्रश्न. रामायणाला विचारा, माहूरच्या कथेला विचारा, जातककथेला विचारा, आपल्या बॅनरलाही विचारा. जी गोष्ट पाचांतून पार होईल ती ठेवा. जी होणार नाही ती जाळू नका. जपून ठेवा. ती पुरावा आहे. खुनाच्या खटल्यात हत्यार जाळत नाहीत, मुद्देमाल म्हणून जमा करतात.

आणि लातूरच्या त्या पोरांनो, तुमचं बोलणं अर्धं राहिलं. खोली एक आहे, डबा एक आहे. आज रात्री उत्तरकांडातलं ते प्रकरण काढा आणि दोघांनी मिळून वाचा. गावातल्याने मोठ्यांदा वाचायचं, वस्तीतल्याने ऐकायचं. विमान उतरतं आणि राम जात विचारतो, त्या ओळीवर थांबा. मग एकमेकांच्या तोंडाकडे बघा.

त्यानंतर भांडलात तरी चालेल.

जय भीम.